पिवळी रेघ

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनी भिंत सोडा बघू. भिंतीला टेकलं की डोळा लागतो आणि गोष्ट अर्ध्यावर हातातून निसटते. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाची नाही, स्वर्गातून उतरलेल्या विमानाचीही नाही. गोष्ट आहे एका गवत कापायच्या गाडीची. हसा, खुशाल हसा. पण ज्याने समुद्र केला त्यानेच गवतही केलंय, आणि त्याच्या दरबारात लहान गोष्ट असं काही नसतंच. डोळे पुसायची वेळ आली तर फडकं ज्याचं त्याने आणावं, एवढंच आधी सांगून ठेवतो.

तर ऐका. वस्तीपासून जरा बाजूला, टेकाडावर, छातीच्या दुखण्याचा एक दवाखाना होता. पांढऱ्या भिंती, लांबच लांब खिडक्या, आणि भोवती हे एवढं मोठं मैदान. रोग्यांनी सकाळ-संध्याकाळ त्या मैदानात चालायचं आणि मोकळी हवा छातीत भरून घ्यायची, असा मोठ्या डॉक्टरांचा दंडकच होता. मैदान राखायचं काम दादाकडे. झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून त्याची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. मैदानाच्या काठाला त्यांच्या दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे कपडे वाळत घालायची दोरी. काम आहे तोवर खोल्या, काम गेलं की खोल्या गेल्या, असा ठराव होता. आणि दादाच्या हाताला काम नाही असा दिवस कुणी पाहिलाच नव्हता.

पण तो वरचा कधी कुणाची परीक्षा काढेल, सांगता येतं का? दादाने बसून चालवायची नवीकोरी गाडी घेतली, लाल रंगाची, चांगली ऐटबाज. तिचा नवेपणाचा वास अजून गेला नव्हता, तोच एके सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता दादा कलंडला. उजवं अंग गेलं. जीभ गेली. गडगडून हसणारा माणूस खाटेवर पडला आणि खिडकीतून मैदानाकडे बघत राहिला.

वहिनीने रडून घेतलं, तोंड धुतलं, आणि गाडीवर जाऊन बसली. पहिल्या दिवशी ती गाडी थेट फुलांच्या वाफ्यात शिरली. वरच्या खिडक्यांमधून रोग्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एक म्हातारा खोकत खोकत ओरडला, "वहिनी, फुलंसुद्धा कापायचीत का आज?" पण आठवड्याभरात तिचा हात बसला. काम टिकलं, खोल्या टिकल्या. आणि त्या खोल्यांमुळे आणखी एक गोष्ट टिकली, ती नीट ध्यानात घ्या. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई रोज दुपारी मैदान ओलांडून यायच्या आणि दादाचा हात वरखाली करून घ्यायच्या. "आवारातलीच तर माणसं तुम्ही, चार पावलांवर," म्हणायच्या. त्या चार पावलांच्या जोरावर दादाची मेलेली बोटं हळूहळू मिटू-उघडू लागली होती. घशातून अर्धामुर्धा शब्दही फुटू लागला होता. खोल्या गेल्या की त्या बाई गेल्या, आणि बाई गेल्या की ती बोटं गेली. वहिनीच्या मनात हा हिशोब सतत चालू असायचा. तिचं सगळं बळ त्या हाताच्या बोटांवर टांगलेलं होतं.

अशात गाडीने दगा दिला.

म्हणजे गाडी सुरू व्हायची बरं का! धुरळा उडवत डौलात निघायची, वळायची, चढ चढायची. फक्त गवत कापायची नाही. बटण दाबलं की आतला क्लच पट्ट्याला धरतो आणि पोटाखालची पाती गरगरा फिरतात, अशी तिची रचना. आता बटण दाबलं तरी क्लच ढिम्म. गाडी आपली हवा खायला निघालेल्या सावकारासारखी मैदानभर फिरून यायची, आणि मागे गवत जसंच्या तसं उभं.

दिवस वाढीचे होते. बघता बघता गवत घोट्याच्या वर गेलं, मग पोटरीला लागलं. एका रोग्याने त्यात साप पाहिला, निदान पाहिला असं म्हणाला, आणि सगळ्यांचं फिरणं बंद झालं. त्याच दुपारी व्यवस्थापक साहेब ओसरीवर आले. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी सांगताना चष्मा काढून पुसायचा, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसत नाही.

"वहिनी, सोमवारी वरून पाहणी आहे," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "तोवर मैदान साफ दिसलं नाही तर काम दुसऱ्यांना द्यायचं ठरलंय. त्यांची माणसं, त्यांची यंत्रं. त्यांना राहायला जागा लागेल."

"साहेब, गाडी बिघडलीय. दुरुस्त होईल ना. यांची तब्येत तर तुम्ही बघताच आहात."

"मला वाईट वाटतं हो. पण गवताला वाटत नाही ना. ते वाढतंच आहे."

ते गेल्यावर वहिनीने कंपनीच्या दुकानात फोन लावला. पलीकडून नाकात बोलणारा एक आवाज म्हणाला, "गाडी आणायची गरज नाही. क्लच तेवढा काढून आणा. वॉरंटीत आहे, आमची चूक निघाली तर नवा मिळेल. फक्त क्लच उघडू नका. उघडलात तर संपलं."

क्लच गाडीच्या पोटात, आणि वहिनीने जन्मात पाना धरलेला नव्हता. मग तिने काय करावं? गाडी चालवत खिडकीखाली आणली, दादाची खाट खिडकीला लावली, त्याच्या डाव्या हातात चमचा दिला आणि आपण गाडीखाली शिरली. दादाने खाटेच्या लोखंडी दांडीवर एक ठोका दिला की हो, दोन दिले की नाही.

"हा बोल्ट?" ती खालून विचारायची. टण टण. "मग हा?" टण. "इकडे फिरवू?" टण टण. "तिकडे?" टण. एकदा पाना निसटून तिच्या कपाळावर बसला आणि ती खालूनच करवादली, "तुमची गाडी तुमच्यासारखीच हट्टी आहे!" वरून ठोका आलाच नाही. तिने डोकं बाहेर काढून पाहिलं, तर दादा हसत होता. तोंड वाकडं, पण हसू सरळ. किती दिवसांनी! त्या हसण्याच्या जोरावर तिने शेवटचा बोल्ट सोडवला. काळ्या तेलाने माखलेला, बशीएवढा, पण उचलायला चांगला जड असा तो क्लच तिने ओसरीच्या कठड्यावर ठेवला. त्याचा एक नटसुद्धा फिरवला नाही. सकाळच्या बसने तो न्यायचा होता.

आता इथे सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. सासूबाई म्हणजे दादाची आई. त्यांचं सगळं आयुष्य याच दवाखान्याच्या धुलाईघरात गेलं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट. धुलाईघराचा एकच नियम होता: डाग राहिलेला कपडा वरून परत यायचा, आणि परत आलेला कपडा म्हणजे धुणारणीची सगळ्यांपुढे शोभा. सासूबाईंचा कपडा उभ्या नोकरीत परत आला नाही, ही त्यांची ऐट. आता बोटं वाकडी झाली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हते. घरातली कढई आरशासारखी लखलखायची. वहिनी कधी चिडून म्हणायची, "आई, एक दिवस तुम्ही मलाच दोरीवर वाळत घालाल." त्यावर सासूबाई म्हणायच्या, "घातलं असतं गं, पण दोरी तुटेल."

सकाळी वहिनी दादाचं आवरायला आत गेली तेव्हा सासूबाई ओसरीवर एकट्याच होत्या, आणि समोर तो क्लच. काळा, चिकट. आपल्या घरची वस्तू परक्याच्या दारात जाणार आणि ती अशी? वहिनी बाहेर आली तेव्हा कठड्यावर एक नीट बांधलेलं गाठोडं होतं, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात. बसची वेळ झालेली. तिने ते तसंच उचललं आणि धावत सुटली.

दुकान मोठं होतं. काचेमागे नव्या गाड्या रांगेने उभ्या, आणि आत एका बाजूला दुरुस्तीचं काउंटर. काउंटरमागे एक सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, गळ्याला मफलर, हाताशी गरम पाण्याची बाटली. फोनवरचा नाकातला आवाज तो हाच. बारमाही सर्दीने गांजलेला. वहिनीने गाठोडं सोडलं आणि दोघेही बघतच राहिले. क्लच असा चकाकत होता की त्यात काउंटरवाल्याचा मफलर दिसत होता.

काउंटरवाल्याने तो फिरवून फिरवून पाहिला. मग शांतपणे खाली ठेवला.

"पिवळी रेघ कुठाय?"

"कुठली रेघ?"

"बाई, कारखान्यात या तीन नटांवरून पिवळ्या रंगाची रेघ ओढतात. नट फिरवला की रेघ तुटते. रेघ सलग असेल तर क्लच उघडलेला नाही. इथे रेघच नाही. कुणाकडून उघडून घेतलात?"

"कुणाकडून नाही! देवाशपथ! मी त्याला पानासुद्धा लावला नाही."

"सगळे हेच म्हणतात," तो बाटलीतलं पाणी प्यायला. "शेजारचा मिस्त्री उघडतो, जमत नाही, मग पुसूनबिसून आमच्या गळ्यात. न्या परत. वॉरंटी बाद."

वहिनी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. कोण उघडणार? कधी? तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"काय गं, पोचलीस? काय म्हणाले ते लोक? दिलं का नवं?" आवाजात नुसता उत्साह. "बघितलंस ना कसं चकचकीत केलंय? तेल निघालं लगेच. पण एक पिवळा डाग होता मेला, काही केल्या जाईना. सोडा लावला, तारेची घासणी घेतली, चांगला रगडला तेव्हा कुठे गेला. म्हटलं, माझ्या सुनेने डाग घेऊन नाही जायचं कुणाच्या दारात."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, समोरच्या दुकानात कुणी शटर वर करत होतं, सगळं जग आपलं चालू होतं.

"ऐकतेस ना?"

"हो आई."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले... छान धुतलंय."

तिकडे सासूबाई खुदकन हसल्या आणि फोन ठेवला. देवा, कुणाच्या आनंदावर कुणी असं रडावं?

ती परत आत गेली आणि काउंटरवाल्याला सगळं खरं सांगितलं. सासूबाई, धुलाईघर, सोडा, घासणी. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. काउंटरवाला हसला नाही.

"बाई, खरंही असेल तुमचं. पण मागे एकाच्या गोष्टीवर मी विश्वास ठेवला, तर तो क्लच माझ्या पगारातून गेला आणि वर ताकीद मिळाली. पुन्हा झालं तर घरी बसा म्हणालेत. कंपनी तुमच्या सासूबाईंना ओळखत नाही. कंपनी रेघ ओळखते."

घरी आल्यावर वहिनी खोटं बोलली. "उद्या या म्हणाले," एवढंच सांगितलं. दादाने खाटेवरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन ठोके दिले. टण टण. नाही. तिने न ऐकल्यासारखं केलं, भिंतीवरचा विळा घेतला आणि मैदानात उतरली.

विळ्याने ते मैदान? चमच्याने विहीर उपसावी तसं ते. पण माणूस बुडायला लागला की हात मारतोच. ती वाकून सपासप कापत राहिली. तळहाताला फोड आले, फुटले. मान वर करून पाहिलं तर कापलेला तुकडा दोन चादरींएवढा, आणि पुढे सगळं हिरवं वाऱ्यावर डोलतंय, तिला हसतंय. उन्हं उतरली तेव्हा सासूबाई तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"अगं, उद्या नवं मिळणार ना? मग आज कशाला जिवाचे हाल करतेस?"

आणि वहिनीचा बांध फुटला.

"काही मिळणार नाही! कळलं? काही नाही! तो डाग नव्हता आई, ती खूण होती! ती पुसली म्हणून त्यांनी हाकलून दिलं मला! तुम्हाला कुणी सांगितलं होतं धुवायला? जन्मभर धुतलंत ते पुरलं नाही? आता घरही धुऊन टाकलंत! उद्या यांना घेऊन कुठल्या झाडाखाली बसू, सांगा ना!"

शब्द तोंडातून सुटले आणि सुटताक्षणी तिला ते परत गिळावेसे वाटले. पण शब्दांना परतीची वाट नसते. सासूबाई तांब्या हातात धरून तशाच उभ्या. मग तांब्या अलगद गवतात ठेवला आणि वळल्या. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. वहिनी ताट घेऊन मागे लागली, "आई, चुकले मी, दोन घास खा," म्हणून पाया पडली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तू कशाला चुकतेस? माझा कपडा परत आला."

सकाळी वहिनीने दार उघडलं तर सासूबाई ओसरीवर तयार. पायांत बूट, दादाचे जुने, पुढे चिंध्या कोंबलेले. काखेत पिशवी.

"आई, कुठे निघालात?"

"दुकानात. आण ते तुझं क्लच का काय ते."

"ते ऐकायचे नाहीत हो. मी सांगून पाहिलं."

"तू सांगितलंस. धुतलं मी. ज्याने केलं त्याने सांगायला नको?"

धुलाईघर सुटल्यापासून सासूबाई आवाराच्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. बसमध्ये त्यांनी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ओठ हलत होते. देवाचं नाव चाललं होतं की काउंटरवाल्याला काय बोलायचं त्याची घोकंपट्टी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. वहिनीला कसलीच आशा नव्हती. ही म्हातारी चारचौघांत अपमान करून घेणार आणि आपण तो उघड्या डोळ्यांनी बघणार, एवढंच तिला दिसत होतं. दादाकडे बसायला एका वॉर्डबॉयला विनवून आली होती, आणि शनिवार म्हणून दुकान लवकर बंद होणार होतं.

काउंटरवाल्याने त्यांना पाहिलं आणि मफलर वर ओढला. "बाई, काल सांगितलं ना तुम्हाला?"

"तिला सांगितलंत, आता मला सांगा," सासूबाई म्हणाल्या. "मी धुतलं ते. चूक माझी. शिक्षा द्यायची ती मला द्या. भांडी घासून घ्या, फरशी पुसून घ्या, तुमची सगळी दुकानदारी धुऊन देते. पण त्या पोरीच्या अंगावर खोटेपणा टाकू नका. ती चोर नाही."

"आजी, चोर कोण म्हणालं? पण घासून ती रेघ जात नाही. कारखान्याचा रंग आहे तो."

या एका वाक्याने मात्र सासूबाईंची मान ताठ झाली. "जात नाही? आणा बघू इकडे एखादी!"

काउंटरखाली बाद झालेल्या भागांची पेटी होती. कंटाळून, म्हणजे एकदाची ही ब्याद जाईल म्हणून, त्याने त्यातला एक जुना क्लच काढून पुढे सरकवला. नटांवर पिवळी रेघ होती. सासूबाईंनी पिशवीतून सोड्याची पुडी काढली, फडकं काढलं, तारेची घासणी काढली, काउंटरवाल्याची पाण्याची बाटली न विचारता उचलली, आणि तिथेच मांडी ठोकून जमिनीवर बसल्या. वाकड्या बोटांनी त्या रगडू लागल्या. खसाखस, खसाखस. दुकानातली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, "आजी, माझी गाडी पण घ्या पुढे." सासूबाईंना ऐकूच येत नव्हतं. कपाळावरून घाम ओघळत होता, श्वास लागला होता. वहिनी खाली वाकून म्हणत होती, "पुरे आई, उठा, पुरे झालं." एका बोटाचं कातडं सोललं, फडक्यावर लाल उमटलं. त्या थांबल्या नाहीत.

मग त्यांनी क्लच वर धरला. रेघ नव्हती.

काउंटरवाल्याने तो घेतला. नट हाताने फिरवून पाहिले. जागचे हलले नाहीत. मग तो फडक्यावरच्या लाल डागाकडे पाहत राहिला.

"उठा आजी," तो म्हणाला. नाकातला आवाज आणखी जड झाला होता. "तुमचं खरं आहे. पटलं मला."

वहिनीने हात जोडले. "मग द्याल नवा?"

"मला पटून काय उपयोग? जुना क्लच वर कंपनीकडे पाठवायला लागतो. वर बसलेत ते विचारणार, रेघ कुठे गेली. आजीने सोड्याने घासली, असं लिहू? ते हसतील आणि परत पाठवतील."

एवढं चालून आलेली आशा अशी दारात येऊन उलट फिरली. सासूबाईंनी घासणी पिशवीत ठेवली, फडकं ठेवलं. उठताना त्यांचा तोल गेला, वहिनीने सावरलं. वहिनीने सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी वळल्या. दारापर्यंत गेल्याही असतील.

"थांबा."

काउंटरवाला उठून बाहेर आला होता. मफलर सोडून त्याने नाक पुसलं. "रेघ मी पुसली," तो म्हणाला.

"अहो पण..."

"क्लचवरचा नंबर वाचता येत नव्हता, म्हणून मी रसायनाने पुसून घेतलं आणि त्यात रेघ गेली. असं वर कळवतो. आमच्याकडून झालेल्या चुकीला गिऱ्हाईक जबाबदार नाही, हा कंपनीचाच नियम आहे."

वहिनीला कालचं त्याचं बोलणं आठवलं. "तुम्हाला ताकीद मिळालीय ना? पुन्हा झालं तर..."

"ते माझं मी बघतो. तुम्हाला हवाय की नकोय?" तो खेकसला. आवाज एवढा चढला की गिऱ्हाइकं मागे सरली. मग जरा नरमून म्हणाला, "आजी स्वतःच्या चुकीसाठी बोटं सोलून घेते. मी इथे इतकी वर्षं बसून नुसत्या रेघाच बघतोय."

"पण नवा यायला किती दिवस लागतील? सोमवारी पाहणी आहे हो आमच्याकडे. त्यानंतर आला तर तो क्लच ठेवायला घरच नसेल."

त्याने काचेमागच्या रांगेकडे पाहिलं. शेवटी तशीच एक लाल गाडी उभी होती, विकायला नाही, दाखवायला ठेवलेली. तो पाना घेऊन तिच्याखाली शिरला, मफलरसकट. बाहेर आला तेव्हा हातात क्लच होता, नटांवर सलग पिवळी रेघ. "हा न्या. कंपनीचा आला की तो हिला बसवीन. तोवर ही नुसती शोभेला. आणि आजी, हा धुवायचा नाही!"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पन्नाशीचा माणूस, भर दुकानात, लहान मुलासारखा मान खाली घालून उभा राहिला.

पुढचं काय सांगू? खिडकीखाली गाडी, खिडकीत दादा, पुन्हा ते ठोके. क्लच बसला. वहिनीने बटण दाबलं आणि पोटाखाली पाती अशी गरजली की वरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. रविवारी उजाडल्यापासून तिन्हीसांजेपर्यंत ती खाली उतरली नाही. फुटलेल्या फोडांना फडकी बांधून तिने गाडीचं स्टिअरिंग धरलं होतं. सोमवारी पाहणीवाले आले, गेले. साहेबांनी या वेळी चष्मा काढला नाही. दुपारी व्यायामाच्या बाई नेहमीसारख्या मैदान ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "कुठे आहे आमचा हात?"

खोल्या राहिल्या.

काही दिवसांनी वहिनी त्या काउंटरवाल्याला भेटायला गेली. सासूबाईंनी त्याच्यासाठी स्वतः विणलेला मऊ मफलर दिला होता. काउंटरमागे दुसराच कुणी तरुण होता. "ते? ते आता नसतात इथे," तो म्हणाला. का, कधीपासून, गेले कुठे, ते त्याला सांगता आलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं. वहिनीने दुकानात सगळ्यांना विचारलं, रस्त्यावर येऊन समोरच्या दुकानात विचारलं. त्याचं नाव विचारायचं त्या दिवशी दोघींनाही सुचलं नव्हतं. आता नाव नसलेल्या माणसाचा पत्ता कोण देणार? ती पायरीवर बसून राहिली, मांडीवर मफलर घेऊन. मागे घरी दादाची बोटं मिटत होती, उघडत होती, आणि ती कुणाच्या पोटावर पाय देऊन उघडत होती, हे तिला आता कळलं होतं. असं ऋण फेडायला माणूस कुठे जाणार?

म्हणून तुम्हाला एक मागतो, उठायच्या आधी. रात्री हात जोडाल तेव्हा आपली माणसं मागून झाली की एक क्षण थांबा. नाकात बोलणारा, गळ्याला मफलर, सदा सर्दीने बेजार असा एक माणूस कुठेतरी काम शोधत असेल. त्याचं नाव मलाही ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे. त्याची तेवढी आठवण ठेवा.